मऊ पडलेला ब्रेक

मोटारीचा रंग, तिचीं आसनें, तिची चकाकी यांची निगा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकजण आवडीनें राखतात. परंतु ब्रेकच्या तेलाकडे वर्षानुवर्षें कोणी पाहात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. सुट्टी लागली कीं मुलाबाळांसह आणि वृद्ध आईवडिलांसह आपण घाट उतरून कोंकणांत जातों. त्या वळणांवर साऱ्या कुटुंबाचे प्राण एका पेडलावर अवलंबून असतात. तें पेडल मऊ लागूं लागलें, नेहमींपेक्षां खोल जाऊं लागलें व दोनतीनदां दाबल्यावरच घट्ट होऊं लागलें, तर नळ्यांत हवा शिरली असण्याचा संभव फार. म्हणून या खेपेस आम्ही हाच विषय घेतला आहे.

द्रव पदार्थ दाबानें जवळजवळ आकसत नाहीं आणि कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो. पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच पंडिताच्या या नियमावरच ब्रेक चालतो. हवा मात्र आकसते. नळींत बुडबुडा असला म्हणजे पायाचा जोर तो चेपण्यांतच खर्चीं पडतो आणि चाकापर्यंत थोडाच पोंचतो. पुनःपुनः दाबून पेडल घट्ट झालें म्हणून निश्चिंत होणें म्हणजे ताप उतरतांच रोग गेला असें समजण्यासारखें आहे.

तेल कमी झाल्यानें, गळतीनें किंवा दुरुस्तीच्या वेळीं नळी सोडल्यानें हवा शिरते. शिवाय नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ प्रतीचें नवें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे, सुमारें ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले कीं असें तेल उकळतें आणि त्याची वाफ हवेसारखाच दगा देते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत, बहुधा दोन वर्षांनीं, तेल बदलावें.

हवा काढण्यास दोन माणसें लागतात. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें व चाकांस ठोकळे लावावेत. डबी त्याच प्रतीच्या, नव्या सीलबंद तेलानें भरावी. चाकामागील निपलास पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडें तेल असलेल्या बाटलींत बुडवावें. आंतल्यानें पेडल सावकाश दाबून धरावें. बाहेरच्यानें निपल पाव फेरा सैल करून बुडबुडे बाहेर पडूं द्यावेत व निपल पुन्हां आवळावें. आवळल्याचा शब्द मिळेपर्यंत आंतल्यानें पाय उचलूं नये. उचलल्यास बाहेरची हवा आंत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालूं ठेवावें. मधूनमधून डबी पाहावी. ती रिकामी झाली तर सारे श्रम फुकट जातात. बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात, तथापि पुस्तिकेंतील क्रमच प्रमाण मानावा. निघालेलें तेल पुन्हां वापरूं नये, आणि सांडलेलें तेल रंग खातें म्हणून पाण्यानें लगेच धुवावें.

ज्यांचा क्लच तारेऐवजीं तेलावर चालतो, त्यांत हवा शिरली कीं पेडल तळाशीं बसतें व गिअर खरखरत पडतो. गिअरबॉक्सजवळच्या निपलांतून ती हवा याच रीतीनें काढतात. कित्येक गाड्यांत दोहोंची डबी एकच असून क्लचची नळी तींत वरच्या अंगास जोडलेली असते. अर्थात् तेल उतरूं लागलें कीं आधीं क्लच कुरकुरतो. त्या कुरकुरीस ब्रेकची आगाऊ सूचना समजून डबी तत्काळ पाहावी.

हवा काढूनही पेडल मऊच राहिलें, तेल वारंवार कमी होऊं लागलें, किंवा गाडीस ए.बी.एस. असून पुस्तिकेनें निराळी रीत सांगितली असली, तर जाणत्या मिस्त्रीकडेच जावें. काम संपल्यावर पेडल उंच व घट्ट लागतें कीं नाहीं हें आधीं उभ्या गाडींत आणि मग मोकळ्या जागीं अगदीं हळू चालवून पाहावें. पेडल मऊ असतांना ‘घाट उतरून आल्यावर पाहूं’ असें घरांतील कोणी म्हणालें, तर गृहिणीनें गाडींत बसण्यास सरळ नकार द्यावा. त्या नकाराला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.