दोष कुणाचा?

— तृतीय वर्ष, कला

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने केबल मोडेमवर लेख लिहावा, हे पाहून शास्त्रशाखेकडे गेलेले माझे मित्र गालातल्या गालात हसतील, आणि मराठी विभागातील गुरुजनांना वाटेल की या मुलाला दुसरा विषय सुचला नाही. दोघांचीही क्षमा मागून मी हा लेख लिहीत आहे. कारण ज्या यंत्रावर आपला अभ्यास, परीक्षेचे अर्ज आणि पुष्कळांची पोटापाण्याची सोय अवलंबून आहे, त्याविषयी ‘ते आपले क्षेत्र नव्हे’ असे म्हणून मोकळे होणे मला आता पटत नाही.

घरचे इंटरनेट मंदावले की आपण दोनच गोष्टी करतो. आधी कंपनीच्या नावाने खडे फोडतो आणि मग जास्त पैशांची योजना घेतो. दोष नेमका कोठे आहे हे पाहणे ही तिसरी गोष्ट, पण तिच्या वाटेला कोणी जात नाही. आमच्या घरीही हेच झाले, आणि त्याची किंमत माझ्या ताईने मोजली.

२०२० सालच्या टाळेबंदीत बाबांचा पगार निम्म्यावर आला. ताईने घरूनच ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्या. सकाळी सारे सुरळीत चाले. संध्याकाळी मात्र तिचा आवाज तुटे, चित्र गोठे. “मॅडम, ऐकू येत नाही,” हे वाक्य ऐकून ऐकून ती रडकुंडीला येई. महिन्याभरात दोन मुलांच्या पालकांनी शिकवणी बंद केली. आम्ही ५० मेगाबिटची योजना सोडून १०० ची घेतली. बिल वाढले, आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. केबलवाला तीनदा येऊन दारातूनच बाहेरची तार तपासून गेला. तिसऱ्या खेपेस बाबा त्याला नको ते बोलले. मीही मागे उभा राहून मान डोलावली.

चौथ्या वेळी तो म्हणाला, “काका, एकदा टीव्हीच्या मागे बघू द्या.” तेथे त्याला काय सापडले? आतल्या खोलीतील टीव्हीसाठी मीच बाजारातून आणून लावलेला एक स्प्लिटर, आणि कनेक्टर न बसवता हाताने पीळ देऊन जोडलेली तार! त्याने मोडेमचे पान उघडून दाखवले. आठ चॅनेल लागायला हवे होते, तेथे तीनच लागले होते.

ही चॅनेलची भानगड काय आहे, ते थोडक्यात सांगतो. केबलच्या एकाच तारेतून टीव्हीच्या अनेक वाहिन्या येतात, हे आपण जाणतो. अशाच काही वाहिन्या इंटरनेटसाठी राखून ठेवतात. या पद्धतीच्या प्रमाणकाला ‘डॉक्सिस’ म्हणतात. १९९७ सालच्या पहिल्या आवृत्तीत मोडेम एका वेळी एकाच चॅनेलवरून माहिती उतरवून घेत असे. अमेरिकी पद्धतीच्या ६ मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलमधून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती येते. युरोपीय पद्धतीच्या ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून सुमारे ५०. २००६ साली डॉक्सिसची तिसरी आवृत्ती आली आणि तिने अनेक चॅनेल एकत्र बांधण्याची सोय केली. हेच चॅनेल बाँडिंग. म्हाताऱ्याने मुलांना दिलेल्या काटक्यांच्या मोळीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. ही तशीच मोळी. अमेरिकी पद्धतीचे चार चॅनेल बांधले तर सुमारे १५०, आठ बांधले तर सुमारे ३०० मेगाबिट.

पण ही मोळी एकट्याच्या घरची नसते. त्याच चॅनेलांवर त्या भागातील सारी घरे असतात. आठ चॅनेल लागले असतील तर मोडेम गर्दीचा चॅनेल टाळून मोकळ्यावरून काम भागवू शकतो. तीनच लागले तर त्याला त्या तिघांच्या गर्दीतच उभे राहावे लागते. म्हणून सकाळी ठीक आणि संध्याकाळी हाल! आणि अशा वेळी मोठी योजना घेणे म्हणजे तुंबलेल्या नळाखाली मोठी बादली ठेवणे.

ताईच्या तुटणाऱ्या आवाजाचे कारण मात्र याहून लाजिरवाणे होते. घरातून बाहेर जाणारी माहिती कमी वारंवारतेच्या पट्ट्यातून जाते आणि या पट्ट्यात बाहेरचा गोंगाट सहज शिरतो. सैल सांध्यातून तो तारेत घुसतो, आणि एका भागातील सर्व घरांचा गोंगाट एकाच ठिकाणी जाऊन साठतो. म्हणजे माझ्या पीळ दिलेल्या तारेचा त्रास केवळ ताईला नव्हता. खालच्या दोन मजल्यांवरूनही तशाच तक्रारी होत्या, असे केबलवाल्याने सांगितले. तेही त्यालाच बोलत होते. आम्ही सारे मिळून एका माणसाला दोष देत होतो, आणि दोष माझ्या टीव्हीच्या मागे लोंबत होता.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, तक्रारीपूर्वी तपासणी हवी. त्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. वाय-फाय बाजूला ठेवून संगणक तारेने मोडेमला जोडावा आणि वेग सकाळी व रात्री असा दोनदा मोजावा. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे ध्यानात ठेवावे. ५० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला सहा मेगाबाइटने उतरली, तर फसवणूक झालेली नाही. नंतर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकावा. बहुतेक केबल मोडेम त्यावर आपली प्रकृती सांगतात. किती चॅनेल लागले आहेत ते मोजावे. येणाऱ्या संकेताची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान असली, तर चिंता नाही. संकेत आणि गोंगाट यांचे प्रमाण ३३ डेसिबलच्या वर असावे. दुरुस्त न होणाऱ्या चुकांचा आकडा भराभर वाढत असेल, तर तारेत खोट आहे. मग सांधे घट्ट करावेत, अनावश्यक स्प्लिटर काढावेत. दोन फाट्यांचा साधा स्प्लिटरदेखील संकेताची निम्मी शक्ती खातो.

याचा अर्थ कंपन्या निर्दोष असतात, असा कोणी घेऊ नये. एका भागात मर्यादेपलीकडे घरे जोडली, तर ग्राहकाने कितीही सांधे आवळले तरी उपयोग नाही. जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे लिहिलेले असते. आपण व्याकरणात शिकलो की ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय आहे. ते स्वतः बदलत नाही. पण सगळ्या वचनाचा अर्थ ते बदलून टाकते, हे व्याकरणाच्या पुस्तकात नव्हते! सरकारी व्याख्या पाहावी तर ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ साली २५६ किलोबिट, २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट ठरला. जाहिरातीतील शंभर आणि व्याख्येतील दोन यांच्यामधल्या पोकळीत ग्राहक उभा आहे. तेथे त्याच्या हाती वेळ, तारीख आणि आकडे लिहिलेला कागद असेल तर त्याचे ऐकले जाण्याचा संभव आहे. नुसत्या आरडाओरड्याचा मारा कंपनीच्या मालकावर होत नाही. तो दारात उभ्या असलेल्या, आपल्याइतक्याच गरीब माणसावर होतो.

कोणी म्हणेल, आता घरोघरी फायबर येत आहे, तेव्हा ही जुनी कहाणी कशाला? फायबरचीही एक तार पुष्कळदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. तार बदलली, वाटणी राहिलीच.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. संगणक कक्षात रोज कोणीतरी ‘नेट गेलं’ म्हणून ओरडतो आणि तेथील शिपाईमामांवर चिडतो. माझी सूचना साधी आहे. कक्षाच्या दाराशी एक वही टांगावी. तीत तारीख, वेळ, कोणत्या संगणकावर, तारेने की वाय-फायने, आणि मोजलेला वेग एवढेच लिहावे. महिन्याभरात ती वहीच सांगेल की दोष कंपनीचा, कक्षातील तारांचा, की दुपारी बाराला सर्वांनी एकदम चित्रफिती पाहण्याचा.

आमच्या घरी स्प्लिटर निघाला आणि ताईचा आवाज त्या संध्याकाळी स्वच्छ गेला. सोडून गेलेली दोन मुले मात्र परत आली नाहीत. बाबांनी केबलवाल्याला आत बसवून चहा दिला. मी क्षमा मागायला हवी होती. त्या दिवशी धीर झाला नाही. ती या लेखातून मागतो आहे.