दोष पिशवीचा?

दिवाळीच्या सुमारास होटगीच्या आसपास ऊसतोड टोळ्या येऊ लागतात. त्यातल्या बायकांशी बोलत बसलं की थोड्या वेळात एक शब्द हमखास येतो, पिशवी. ‘दोन वर्षांखाली काढली पिशवी.’ दाढ काढल्यासारखं सांगतात.

२०१९ साली हा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळपास १७. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात ३ च्या आसपास आहे.

याचं कारण खाडा, असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, पाळीत एक दिवस बसलं की दंड. पण डॉक्टर लगेच हो का म्हणतो? मला त्यामागे एक फार जुनी समजूत दिसते. बाईला काहीही झालं की दोष गर्भाशयाचा.

ग्रीक भाषेत गर्भाशय म्हणजे ‘हिस्टेरा’, त्यावरूनच ‘हिस्टेरिया’ आला. प्लेटोच्या लिखाणात तर गर्भाशय अंगभर भटकतं! दुसऱ्या शतकात सोरेनस या वैद्याने हे खोडून काढलं, तरी समजूत टिकली. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्येही ‘इख्तिनाक-उर-रहम’, म्हणजे गर्भाशयाची घुसमट, हा आजार आहे. इब्न सीनाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण इथे तो ग्रीकांचाच शागिर्द. पुढे १८७२ पासून अमेरिकेत नि युरोपात डॉक्टरांनी मनाच्या तक्रारींवर चांगली अंडाशयं कापून काढली. ‘हिस्टेरिया’ हे निदान अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीतून गेलं ते १९८० साली.

आता आपल्या घरातलं बोलू. सहीह बुखारीत हैजचं स्वतंत्र प्रकरण आहे. रक्त थांबतच नाही म्हणून फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी थेट प्रेषितांना (स.) विचारलं. हे हैज नव्हे, शिरेचं रक्त आहे, असं उत्तर मिळालं. म्हणजे पाळी वेगळी, आजार वेगळा. फिक्हमध्ये म्हणूनच हैज आणि इस्तिहाजा वेगळे मानतात. इतकं उघड बोलणारी किताब ज्या घरात, तिथली पोरगी अंगावरून जातंय हे अम्मीलाही सांगत नाही. हैजचे मसले आपल्याकडे नमाज-रोजापुरतेच उरले. दवाखान्यात गेलं तरी बोलतो नवरा, ती गप्प.

पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गाने होतं आणि औषधाने बरं होतं. फडात ना संडास, ना पाणी, मग संसर्ग होणारच. त्यावर कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. पिशवीबरोबर कमी वयात अंडाशयंही काढली तर हाडं ठिसूळ होतात, आणि त्याच बाईला डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या शिडीवर चढायचं असतं.

कारखान्यांनी टोळीच्या मुक्कामी संडास-पाणी द्यावं, पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करायला लावावा. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. तिथे नवऱ्याने बाहेर बसावं, तिला बोलू द्यावं.