वारली भिंतीवर, पडद्यावर नाही

मल्याळम चित्रपटाचं कौतुक निघालं की पाठोपाठ एक सबब येते: केरळ लहान, शिकलेला, तिथला प्रेक्षकच वेगळा. म्हणून ‘महेशिंते प्रतिकारम’मध्ये (२०१६) इडुक्कीचा डोंगराळ मुलूख दिसतो, ‘कुंबळंगी नाईट्स’मध्ये (२०१९) कोचीजवळचं खाडीकाठचं गाव. मराठीला असा एका मुलखाचा चित्रपट पेलायचा नाही.

सबब सोयीची आहे, पण टिकत नाही. ‘सैराट’ (२०१६) करमाळ्याकडची बोली घेऊन आला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने ‘कळत नाही’ म्हणून पाठ फिरवली का? त्याच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’ने ठाकर आदिवासींचं जगणं पडद्यावर आणलं होतं. आणि केरळचा आरसा तरी कुठे अखंड आहे? पहिल्या मल्याळम चित्रपटाची नायिका पी. के. रोझी दलित होती. तिने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून तिला केरळ सोडावं लागलं. वायनाडचा आदिवासीही त्या पडद्यावर क्वचितच मध्यभागी येतो.

तिथून घ्यायचं ते वेगळंच आहे. तो चित्रपट माणसाच्या पोटामागे जातो. ‘चेम्मीन’ (१९६५) मासेमारीच्या, ‘पत्तेमारी’ (२०१५) आणि ‘आडुजीवितम’ (२०२४) आखातातल्या मजुरीच्या मागे.

मग वारल्यांच्या डहाणू-तलासरीत असं पोटामागे गेलं तर काय सापडेल? पावसाळा सरला की इथले आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओखा बंदरांवरच्या ट्रॉलरवर चढतात. समुद्रातली न दिसणारी सीमा ओलांडली म्हणून कित्येक जण कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. बोट मालकाची, तुरुंग खलाशाचा. कुणी वीटभट्टीवर, कुणी घोलवडच्या चिकूवाडीत. त्याआधीचा इतिहास तर पटकथेसारखाच उभा आहे: लग्नासाठी कर्ज काढून जमीनदाराकडे राबणारे लग्नगडी, वेठबिगारी, १९४५ ची झरीची परिषद आणि वारल्यांचा उठाव. त्याच उठावावरचं गोदावरी परुळेकरांचं पुस्तक ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० पासून हाताशी आहे.

तरी प्रेक्षकांच्या ओठावर या मुलखाचा एकही मराठी चित्रपट नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रं साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर गेली. चित्रातला तारपा सगळ्यांना हवा, तो वाजवणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटते याची चौकशी नको. गाण्यापुरती पोरं गोल नाचवली की आदिवासी दाखवल्याचं समाधान! याला प्रेक्षकाची नाही, लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांची अनास्था कारण आहे. वारली बोलीतले संवाद, खाली मराठी अक्षरं, आणि लेखनात-अभिनयात तिथलीच माणसं, यात अशक्य काय आहे?

तेलुगूने २०२५ मध्ये ‘तंडेल’ काढला: श्रीकाकुळमचे कोळी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि पाकिस्तानच्या हाती लागतात. चित्रपट हिंदीतही आला. तलासरीकडच्या झाईच्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांना ही गोष्ट नवी नव्हती. नवं एवढंच की ती पडद्यावर होती, आणि ती आंध्राने आणली.