उपचार थांबू द्या, माहिती थांबवू नका

पोटुशी बाईला पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट दाखवू नये, असा सल्ला आमच्या तळवड्याच्या कामगार वस्तीत एक जाणते गृहस्थ मोठ्या मायेने देत असतात. त्यांचा मान मोठा, म्हणून सल्ला घरोघर पोचतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गरोदरपणी पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, करू नये, धक्क्याने गर्भ पडतो. केलीच आणि पेशींत बदल निघाले, तर नवऱ्याला किंवा सासूला सांगावं, बाईला बाळंतपणानंतर. तोवर उपचार करायचेच नसतात, मग तिच्या जिवाला घोर कशाला? शिवाय आजार ‘तसल्या’ वागण्याचा, घरात संशय शिरतो. आणि खोल्यांमधून राहणाऱ्या कामगार बायका पुन्हा तपासायला येतातच कुठे?

गर्भ पडण्याची भीती निराधार आहे. नमुना गर्भाशयमुखावरून घेतात, बाळाला त्याचा स्पर्शही होत नाही. या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून नंतर थोडं रक्त दिसू शकतं. कॉल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून पाहणं, तीही गरोदरपणी चालते. आतल्या नळीतून खरवडून घेणं मात्र डॉक्टर टाळतात आणि बायोप्सी गंभीर बदलाची शंका असेल तरच करतात.

‘तसल्या’ वागण्याबद्दल एवढंच: हे बदल घडवणारा एचपीव्ही हा विषाणू बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो, वर्षानुवर्षं गुप्त राहू शकतो, आणि तो कधी व कोणाकडून आला हे कुठलाही रिपोर्ट सांगत नाही. बाईच्या चारित्र्यावर बोलायला इथे कोणालाही जागा नाही.

बायका येत नाहीत म्हणता? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १९९९ पासून झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या अभ्यासात १,३१,७४६ बायका होत्या. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने त्यात मोठं काम केलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी नुसतं व्हिनेगर लावून तपासणी केली, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दारापर्यंत जाऊन नीट सांगितलं की बायका येतात.

आता मुख्य मुद्दा, रिपोर्ट बाईपासून लपवण्याचा. मला सर्वांत जास्त चीड याचीच येते, कारण यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याआड उरलेलं खोटं लपतं. उपचार थांबवता येतात, हे खरं. पूर्वकर्करोगी बदलांचा कर्करोग व्हायला साधारणपणे अनेक वर्षं लागतात, नऊ महिन्यांत तसं होणं फार क्वचित. सौम्य बदल असतील तर कॉल्पोस्कोपीही बाळंतपणानंतर करता येते. गंभीर असतील तर ती गरोदरपणीच करतात, कर्करोग नाही याची खात्री करून घेतात आणि उपचार पुढे ढकलतात. अनेकींचे बदल बाळंतपणानंतर आपोआप ओसरतात. नुसत्या अशा बदलांसाठी सिझेरियन करावं लागत नाही, बाळालाही त्यांचा त्रास नसतो.

पण ‘तिला काही करायचंच नसतं’ हे साफ चूक. तिला बाळंतपणानंतर पुन्हा तपासायला जायचं असतं. ते तिने केलं नाही, तर आधीचं सगळं वाया. आणि तळवड्यात ही आठवण कोण ठेवणार? ती सातव्या महिन्यात माहेरी जाते. माहेर बीडला, नांदेडला, नाहीतर बुलढाण्याला. बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात, फाईल इकडे. बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परतते, तोवर ठेकेदाराने नवऱ्याचं काम बंद केलेलं असतं, किंवा चाकणला काम लागलं म्हणून खोली बदललेली असते. तिला शोधायचं कुठे? या सगळ्या फिरतीत तिच्याबरोबर खात्रीने असते ती एकच व्यक्ती, ती स्वतः. नेमकं तिलाच अंधारात ठेवायचं, आणि शिफ्टवरून थकून येणाऱ्या नवऱ्याने सहा महिन्यांनी तो कागद आठवणीने काढावा, ही अपेक्षा धरायची! ही माया नव्हे, हे बाईचा जीव दुसऱ्यांच्या विसरण्यावर सोपवणं आहे.

तिच्या काळजीचं म्हणाल, तर घरातले कुजबुजतात, डॉक्टर पुन्हा बोलावतात, हे तिला दिसत नाही का? न सांगितलेल्या गोष्टीचा ती स्वतःच ‘कॅन्सर’ असा अर्थ लावून मोकळी होते. ‘हा कर्करोग नाही, बाळ सुखरूप आहे, अमुक महिन्यात पुन्हा पाहू’ ही तीन वाक्यं तिच्या हक्काची आहेत.

गरोदर बायकांची एचआयव्ही चाचणी सुरू झाली तेव्हाही हाच वाद आम्ही घातला होता. बाई खचेल, संसार मोडेल, असंच तेव्हाही म्हणत. आज ती चाचणी नेहमीच्या तपासणीत बसली आहे आणि वेळेवर औषध मिळाल्याने आईकडून बाळाला होणारी लागण टाळता येते. माणसं तीच, युक्तिवादही तोच, फक्त चाचणी बदलली.

मग करायचं काय? रिपोर्ट तिच्या हातात, तिला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत द्यावा. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या लसींच्या तारखांशेजारी आईच्या फेरतपासणीची तारीख लिहावी. बाळाला लस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला असते. फेरतपासणीही सहाव्या आठवड्यापासून करता येते. बाळाच्या लसीला ती कुठल्याही गावी जाते, तिथल्या ताईंनी कार्ड उलगडताच आईची तारीखही दिसेल. नवऱ्याला जरूर सांगा, पण तिच्या संमतीने आणि तिच्यानंतर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी फक्त १.९ टक्के जणींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेली आढळली. इतक्या थोड्यांपैकी एखादीचा रिपोर्ट वेळेवर हाती येतो आणि आपण तो घडी करून कपाटात ठेवतो, हा तिच्यावरचा अन्याय आहे. तळवड्यातल्या प्रत्येक दवाखान्याने तो आजपासून थांबवावा.