साक्षर झाले का, हे त्यांनाही विचारा

मा. शिक्षण संचालक (योजना), पुणे आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक यांस,



'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील शिकणाऱ्यांची चाचणी १७ मार्च २०२४ रोजी राज्यभर झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. दिवसभरात सवडीने येऊन पेपर लिहायची मुभा दिलीत, हे उत्तम केलेत. मार्चात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची काढणी चालू असते आणि सुरगाणा-पेठची बरीच माणसे त्याच बागांत राबत असतात.

तक्रार पेपरची नाही, त्यानंतरच्या शेऱ्याची आहे. ३३ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला 'सुधारणा आवश्यक'. कशात, ते शिकणाऱ्या बाईला विचारा, ती बिनचूक सांगेल. नाशिकच्या स्टँडवर एसटीवरची 'पेठ' ही पाटी तिला लांबूनच वाचता येते. 'त्र्यंबकेश्वर'पाशी गाडी अडते. बचत गटाच्या वहीत स्वतःचे नाव सापडते, पण व्याजाचा रकाना कुठला ते उमगत नाही. क्रेट किती भरले हे तिला तोंडपाठ असते. मुकादमाने किती मांडले, तेवढे तिला स्वतः वाचायचे आहे. यातले काहीच १५० गुणांत दिसत नाही. त्यात सुरगाण्याकडे बऱ्याच घरांत आदिवासी कोकणी बोलली जाते. म्हणजे तिथली बाई अक्षरे शिकते आणि पुस्तकी मराठीही, दोन्ही एकदमच. अक्षर चुकले की शब्दच अनोळखी होता, हे पेपर तपासणाऱ्याला कसे कळणार?

शिकणाऱ्याने स्वतःच स्वतःला जोखावे, यात नवे काही नाही. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळात तीन प्रवेशिका होत्या आणि प्रत्येकीत तीन अशा नऊ चाचण्या पुस्तकातच छापलेल्या असत. १९८९ पासून नाशकात असलेले मुक्त विद्यापीठही प्रौढांनी आपले आपण शिकावे, याच भरवशावर चालते.

आपल्याच हाती दिले तर सगळे स्वतःला पास करतील, अशी शंका कचेरीत निघेलच. अनुभव उलटा आहे. औषधाच्या पुडीवरचे नाव वाचून दाखवणारी आजीही 'मला मेलीला काय येतंय' म्हणते. म्हणून शेजारी स्वयंसेवक हवा, तिला काय येते ते तिच्याच लक्षात आणून द्यायला.

मागणी एका कागदाची आहे. त्यावर शिकणारीसाठी तीन प्रश्न: मला आता काय वाचता-लिहिता येते, कुठे अडते, पुढे काय शिकायचे आहे. पहिल्या पाठाआधी एकदा, मग महिन्याला एकदा भरायचा. लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते स्वयंसेवकाने लिहायचे. पुढचा महिना काय शिकवायचे, ते त्यावरून ठरावे. गुणपत्रकासोबत तोही जपावा आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी त्यातले चार तरी वाचावेत.

पुढच्या चाचणीआधी निदान सुरगाणा आणि पेठ या दोन तालुक्यांत हा कागद छापून द्यावा, ही विनंती.

आपला,
नाशिकचा एक स्वयंसेवक