अर्जांचा आकडा म्हणजे यश नव्हे

ऑनलाइन सेवांचे यश आलेल्या अर्जांवरून मोजावे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही; हे यश निर्विवाद. पण उत्पन्नाच्या दाखल्याचे काय? प्रवेशाच्या दिवसांत मुलांच्या आया रोजगार बुडवून सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या असतात. कागद पुसट दिसतो म्हणून अर्ज त्रुटीत निघतो. पुन्हा भरला, की कामाविना आकडा तेवढा वाढतो! 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत दिली, अपिलाचा हक्कही दिला. मग मुदतीत किती दाखले हातात पडले, किती अर्ज परत गेले आणि कशासाठी, हे तालुकावार दरमहा जाहीर करा. केंद्रचालकाने पावतीपेक्षा जास्त पैसे घेतले का, हेही अर्जदारांनाच विचारा.

— एक वाचक