यंदा ओवाळणीत काय?

काय दोस्तांनो, भाऊबीज जवळ आली ना? धाकट्या बहिणीला ओवाळणीत काय घालणार? चावीची मोटार? तुळशीच्या लग्नापर्यंत तिचं एक तरी चाक निखळतंच!

त्यापेक्षा एक गंमत करा. भाऊबीजेला चंद्राची बारीक कोर लवकर मावळते. त्या रात्री नऊच्या सुमारास छोटीला गच्चीवर न्या. तिथला दिवा मालवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. पूर्वेला ताऱ्यांचा छोटासा झुबका दिसेल. त्या कृत्तिका! छोटीला मोजायला सांगा. सहा की सात? भांडू नका हं! त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षं लागतात. शिवरायांचा जन्म १६३० चा. म्हणजे हा प्रकाश त्याच्याही आधी निघालाय! फटाक्यांच्या धुरात नाहीच दिसल्या, तर मामाच्या गावी पुन्हा बघा. आणि ताईंनो, छोट्या भावाला तुम्ही न्या बरं का!

खर्च शून्य. पण बरोबर तुम्ही हवेत. बारावी झाली की शिकायला कुठेकुठे जाल. तेव्हा मोटार कुठे गेली ते कुणालाच आठवणार नाही. पण कृत्तिका उगवल्या की छोटीला तुमची आठवण येणारच!